रकाना नऊ

पारोळ्याच्या शाळेत मी बावीस वर्षं लिपिक.
जन्मतारखा दुरुस्त केल्या, दाखल्यांवर शिक्के मारले.
संगीताचा अर्ज हातात आला तो पहिल्यांदाच.
महिना साडेबाराशे, दोन वर्षं,
शेवटची तारीख एकतीस,
आज एकोणतीस.

समोर मोनाली शिरसाठ, दहावी ब.
वेणीला काळं रबर,
क्लॅरिनेटच्या दोन चाव्यांनाही तेच रबर.

रकाना पाच : वाद्य.
सतार, सरोद, बासरी, व्हायोलिन, तबला, पखवाज.
माझं बोट खाली खाली सरकत
'इतर'पाशी येऊन थांबलं.
"इतर म्हंजे काय, सर?"
म्हटलं, ज्याला छापायला जागा उरली नाही, ते.

रकाना सहा : गुरूचे नाव.
"मना बाप. पन शिकाडं नही त्यानी.
तो वाजाडे, मी आयकू."
मी लिहिलं, श्री. उखर्डू सोनू शिरसाठ.

रकाना सात : घराणे.
ती जरा थांबली.
"न्यू प्रभात ब्रास बँड."
मी हसलो नाही.
तसंच लिहिलं, ठळक,
त्यांच्या लाइटच्या गाडीवर आहे तसं.

रकाना आठ : वार्षिक उत्पन्न.
तहसीलचा दाखला सांगतो एकवीस हजार.
उखर्डू सांगतो, आमचं उत्पन्न पंचांगात छापलेलं असतं.
यंदा तिथी अठ्ठावीस,
त्यात शुक्राचा अस्त.
वर आभाळात एक ग्रह मावळतो
आणि इथे पंधरा माणसं
झगमगते कोट पेटीत घालून वीटभट्टीवर जातात.
हे मी समासात लिहिलं, मग खोडलं.
खाडाखोड केलेले अर्ज बाद होतात,
म्हणून दुसरा कोरा अर्ज काढला
आणि पहिल्या रकान्यापासून पुन्हा.

लिहिता लिहिता माझं लग्न आठवलं.
एकोणीस वर्षं झाली.
उखर्डू तेव्हा तरणा, गाल फुगवून
बाजारपेठेतून बालाजीच्या मंदिरापर्यंत वाजवत आलेला,
वैशाखात, डांबर चपलेला चिकटत होतं.
मंडपाच्या दारात काकांनी हिशेब केला :
अर्धा तास उशीर, तीनशे कापले.
उशीर तर माझाच झाला होता,
फेटा बसत नव्हता.
मी घोड्यावर होतो.
घोड्यावरून सगळं ऐकू येतं.

रकाना नऊ : विद्यार्थ्यास ओळखणाऱ्या व्यक्तीची शिफारस.
संगीत शिक्षकाची जागा सात वर्षं रिकामी.
मुख्याध्यापक म्हणाले, तुम्हीच लिहा, मी सही करतो.
काय लिहू?
जिनिंगच्या बंद शेडमध्ये ही संध्याकाळी वाजवते,
तिथे उरलेली रुई सूर थोडा गिळते,
म्हणून ही जास्त फुंकते.
वरातीत मुलींना उभं करत नाहीत,
म्हणून हिला अजून कुणी घाई केलेली नाही,
एक सूर हवा तेवढा धरून ठेवायला
हिला कुणी 'पुढे चला' म्हटलेलं नाही.
लिहिलं एवढंच : विद्यार्थिनी होतकरू आहे.
जावक क्रमांक टाकला. रजिस्टरने पाठवलं.

सप्टेंबरात यादी आली.
जिल्ह्याला दोन जागा, दोघंही सतारवाले.
खाली बारीक टायपात :
प्रतीक्षा यादी, क्रमांक तीन, शिरसाठ मो. उ.

"प्रतीक्षा म्हंजे?"
म्हटलं, थांबायचं. पुढचा कुणी गळाला तर.
ती हसली, अगदी बापासारखी, एका गालाने.
"आमले सवय शे, सर.
नवरदेव येस तवलोंग आम्ही उभाच ऱ्हातस."

मी ड्रॉवर उघडला.
तीनशे रुपये पाकिटात घालून ठेवले होते जूनपासून,
नव्या रीडसाठी म्हणून देणार होतो.
कशाचे, हे तिला सांगायचं की नाही
ते ठरत नव्हतं.
ती यादीची झेरॉक्स मागून घेऊन गेली,
चौघडी करून क्लॅरिनेटच्या पेटीत, अस्तराखाली.

पाच वाजता घंटा झाली.
मी पाकीट खिशात टाकलं, सायकल काढली,
अमळनेर रस्त्याला लागलो.
शेडचं पत्र्याचं दार अर्धं उघडं होतं.
आतून सूर यायचा होता अजून,
फक्त कुणीतरी श्वास भरून घेतल्याचा आवाज आला.