लाभ

अंबाजोगाईत सकाळी साडेनऊला
लेसर तापत ठेवते मी.
खोली क्रमांक अठरा, खिडकीला पुठ्ठा.
केजहून आलेला बर्फाचा डबा उघडते:
जांभळ्या बुचांच्या अकरा नळ्या,
नाव एकीवरही नाही, नुसते आकडे.
बाहेर बाकावर बसलेल्यांनाही
कुणी विचारत नाही, कुणाचा रं तू, कोणत्या गावचा.
इथं तेवढं एक बरं आहे.

दिवा मालवून रंगाची कुपी काढते.
यातली अँटिबॉडी उंदराच्या पेशींनी घडवलेली,
तिला चिकटलेला रंग समुद्रातल्या तांबड्या शेवाळाचा.
समुद्र मी बघितला नाही अजून.
शेवाळ मात्र रोज मोजून घालते रक्तात,
वीस मायक्रोलिटर.

वीस मिनिटं अंधार लागतो त्याला.
आधीच उजेड बघितला की विटतो,
मग ऐन वेळी उजळत नाही.
फॉइल संपलंय, मागणीपत्र कुठंतरी सहीला अडकलंय,
म्हणून माझ्या डब्यातल्या पोळ्यांचं फॉइल
पुसून नळ्यांना गुंडाळते.
नवी पोरगी दैवशाला हसते,
"मॅडम, ठेच्याचा वास लागंल रक्ताला."

मग पेशी सुटतात, एकीमागं एक,
आणि मला आबांची मेंढरं आठवतात.
शेपटीच्या वर गेरूचा ठिपका आमचा,
निळा पट्टा बिरूमामांचा.
तळावर रात्री कळप मिसळले
तर सकाळी वाघरीला एवढीशी फट ठेवायची,
एकेक बाहेर काढायचं.
शंभराच्या पुढं आबांना येत नव्हतं;
शंभर भरले की एक खडा खिशात.
पहिल्याला 'एक' म्हणायचे नाहीत ते.
लाभ म्हणायचे.

निळा किरण.
जिच्या अंगावर रंग बसलाय ती
नारिंगी उजळते आणि सांगते, मी.
बाकीच्या गप जातात.
पडद्यावर ठिपक्यांचा थवा,
त्याच्याभोवती माउसनं कुंपण काढते
(पुन्हा उंदीरच कामाला).

सातवी नळी.
गेल्या आषाढात एकशे बारा होत्या.
आज दोनशे शहाण्णव.
परत मोजते.
दोनशे शहाण्णव.

बाहेर कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडतंय,
कुणाचं तरी लेकरू बाकावर टाचा आपटतंय.
दार ढकलून बघत नाही मी.
दोन खडे, आणि तिसऱ्याला चारच कमी.

"कुणाचं हो हे?" दैवशाला विचारते.
ज्याचं त्याच्याकडं गेलं, म्हणते,
आणि आठवी नळी लावते.
लाभ.