तिसरी पाळी

डबा भरताना बाबा विचारतात,
"आज तरी बसतील का सगळे जागेवर?"
जणू माझे रुबिडियमचे अणू
फाटकाशी ताटकळलेले बदली कामगार.

एकदाच समजावलं होतं त्यांना, साचाखात्याच्या भाषेत:
उभा प्रकाश, आडवा प्रकाश,
समोरच्या आरशावर आपटून स्वतःलाच भेटणारा,
म्हणून जागच्या जागी थरथरणारा.
उभ्याआडव्याची गाठ पडते तिथे खळगा.
खळग्यात एक अणू.
"म्हणजे कापड नाही विणत तुम्ही," बाबा म्हणाले,
"नुसती भोकंच."
हो. नुसती भोकंच.

माळव्याची रात्र थंड, असं बाहेरचे म्हणतात.
आमच्या काचेच्या डबीतली थंडी
अंशाच्या अब्जाव्या भागांत मोजतात,
आणि बायपासवर ट्रेलरनं ब्रेक मारला
की टेबलावरचा आरसा शहारतो.
वैशाखात राऊच्या बाजूनं वरात येते,
घोडी, डीजे, जनरेटर,
लेझरचं कुलूप निखळतं.
मी वहीत लिहिते: ११.४०, नवरदेव.

प्रकाश उथळ ठेवला तर
अणू एका घरचा नसतोच,
थोडा इथे, थोडा पलीकडे, सगळीकडे थोडा.
खोल करत न्यावा,
आणि कुठेतरी तो थबकतो.
वाट असते अजून,
पण शेजारच्या घरात कुणीतरी आहे
आणि एका घरात दोघं परवडत नाहीत.
भिंतीनं नाही अडवलेलं.
एकमेकांनी.

"कागदावर का नाही सोडवत?"
एकाचं सुटतं, बाबा. दोघांचंही.
शेकड्यावर गेले की मोठ्यात मोठं यंत्र हात टेकतं.
म्हणून तीच गोष्ट प्रकाशात मांडायची
आणि तिलाच विचारायचं, तू काय करतेस.

बाबा बराच वेळ गप्प.
मग डब्याचं झाकण दाबत:
"गिरणी बंद झाली तेव्हा
एकेकट्याला विचारलं असतंस,
तर जो तो म्हणाला असता, मी चाललो सुरतेला,
देवासला मेव्हण्याचं दुकान आहे.
कुणी हललं नाही. नऊ वर्षं.
वामोरकर बसलाय म्हणून मी,
मी बसलोय म्हणून वामोरकर.
ते गणित कुणी केलं?"

हे तसं नाही, म्हणणार होते.
माझे एकमेकांना टाळतात,
तुमचे धरून होते.
नाही म्हटलं.

बघायचं तर सोडावं लागतं.
साडेतीनला सगळे लेझर एकदम बंद,
अणू पडू लागतात, वीस मिलिसेकंद,
मग त्यांच्या सावलीचा फोटो.
काल टोकदार ठिपके होते, रांगेत.
आज नुसता ढग.
म्हणजे बसले होते.
होते.

घरी येते तर बाबा उठलेले,
भोंगा नाही तरी भोंग्याच्या वेळेला.
फोन हात लांब करून बघतात.
"यानंतर कुठे जातात हे?"
पडतात. डबीच्या तळाशी.
"आणि उद्या?"
उद्या नवे भरते.
"बदली," बाबा म्हणाले,
आणि चहात आलं किसू लागले.