अर्जदार स्वतः

वकिलाच्या रकान्यात मी लिहिलं: स्वतः.
विसर्ग राहायचा नाही म्हणून दोनदा गिरवला,
दोन ठिपके, एकावर एक,
चष्मा उभा करून ठेवल्यासारखे.

मागणं एवढंच होतं.
बराकीच्या झडतीत तो फुटला, बेंदराच्या आदल्या दिवशी,
उजवी काच पूर्ण गेली, डावीला तडा.
दुसरा द्या, नाहीतर घरून आणू द्या.
आणि दवाखान्याच्या वहीत माझ्या नावापुढं
'तक्रार नाही' कुणी लिहिलं, तेवढं विचारा.

हिंडलग्यात रात्रीही दिवा मालवत नाहीत.
नाकाला कागद टेकवून अकरा पानं लिहिली.
वडगावच्या विणकराला मोजायची सवय असते,
इंचात किती धागे, फणीत किती घरं,
पण ओळ कुठं संपते ते दिसेना.
अक्षरं समास ओलांडून गेली,
उतरत उतरत मुलीच्या नावाशी आली, तिथं चढली.

कलम शिवलिंगय्यानं सांगितलं.
तो बैलहोंगलचा. त्याची मराठी मोडकी, माझं कन्नड मोडकं,
कायदा दोघांचाही अर्धाच.
"एकवीस घाल," म्हणाला, "एकवीसात समदं बसतंय."

आज धारवाडहून कागद आला.
नाकाला लावला. शिक्क्याच्या शाईचा वास.
शिवलिंगय्यानं इंग्रजी वाचलं, कन्नडात पुटपुटलं,
मग माझ्याकडं वळून, खाली बघत,
"फेटाळलंय रे भरमाणी."

पुढं वाच की.

"अक्षर लागंना म्हणत्यात.
चार आणि सात पानाला नंबर न्हाई.
नुकसान काय झालं, ते अर्जदारानं स्पष्ट केलेलं न्हाई."

स्पष्ट.
तेवढा एक शब्द तिकडं आणि इकडं सारखाच,
त्याला सीमेवर कुणी अडवलं नाही.

चौथ्या पानावर काय होतं, मला पाठ आहे:
भेटीच्या दिवशी जाळीपलीकडं चार बायका उभ्या असतात.
त्यातली माझी कुठली, हे ती बोलेपर्यंत कळत नाही.
आणि अलीकडं ती आधी बोलत नाही,
मी ओळखतो का ते बघते.

मागच्या खेपेला मी भलतीकडंच बघून हसलो.

याचा आकडा मला टाकता आला नाही.
नंबरही राहिला, ते खरं.

शेवटी लिहिलंय म्हणे,
योग्य नमुन्यात पुन्हा अर्ज करण्यास मोकळीक आहे.
मोकळीक, असंच सांगितलं त्यानं.
वॉर्डर हसला, मग आम्हीही.

कागद पाठकोरा आहे. ते बरं झालं.
मागावरून हातभर सूत कमरेला गुंडाळून आणलंय,
कागदावर ताणून धरलं की ओळ बोटाला लागेल.
एक टोक माझ्या दातात.
दुसरं शिवलिंगय्या धरतो म्हणाला,
पण उद्या.
आज त्याची कंबर धरलीय.