खेपा

सकाळी विचारलं की एंडेल म्हणतो,
"एका कुशीवर रात्र गेली."
पण अंगणातला बर्फ चहाडखोर.
दारापासून सौनामागच्या संडासापर्यंत
चार खेपा गेलेल्या, चार आलेल्या,
पाचवी अर्ध्यावरच थांबलेली,
तिथे पिवळा खळगा.
मी त्यावर चुलीतली राख टाकते.
घसरशील रे, म्हणून सांगते.

सारेमा बेटावर चाळीस वर्षं बोट हाकली त्यानं,
वादळात हातचा दोर सुटू दिला नाही.
आता पायजम्याची नाडीच
वेळेवर सुटत नाही.

संध्याकाळी सूप अर्धंच पितो.
मीही आग्रह करत नाही.

माझे ठसे मात्र
त्याला कधी दिसायचे नाहीत.
रात्री उठते तेव्हा
त्याच्याच पावलांत
पाय ठेवत जाते मी.