कात्री आहे का

सिल्व्हर स्पॉन्सर म्हणजे काय, जशुभाईंनी विचारलं.
म्हटलं, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात
दर दोन मिनिटांनी चार सेकंद आपलं नाव.
पंचेचाळीस हजार, वर जीएसटी.
जशुभाईंनी प्रेस थांबवला,
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं
आणि प्रेस पुन्हा चालू केला.

मकरपुऱ्यातल्या शेडच्या पोटमाळ्यावर
सकाळी साडेनऊला मी स्टॉल उघडला,
म्हणजे एक बटण दाबलं.
निळा गालिचा, कुणाच्याच पायाखाली न गेलेला.
कुंडीत एक झाड,
पुढच्या मागच्या सगळ्या स्टॉलांत तेच झाड.
काउंटरमागे एक बाई, माझ्याहून उंच.
तिच्या छातीवर दाभाडे गॅस्केट्सचा बिल्ला लावला
आणि ती दिवसभर हसत राहिली.

बाबा दिल्लीला निघायचे तेव्हा
पत्र्याची ट्रंक बर्थखाली साखळीनं बांधायचे.
आत तांब्याची, कॉर्कची, रबराची वर्तुळं,
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
आलेल्या माणसाला माहितीपत्रक आधी देत नसत.
हात पुढे करा, म्हणायचे,
आणि तळव्यावर एक गॅस्केट ठेवायचे.
माणूस वजन बघायचा, कडेवरून नख फिरवायचा,
मग दोघं बोलायला लागायचे.
मी तेच गॅस्केट पडद्यावर गरागरा फिरवते,
वरून, खालून, आरपार.
नख कुठे लावायचं त्यानं?

दुपारी आकडा होता सदतीस.
यादी उघडली.
अकरा आयोजकांचीच माणसं,
नऊ जण विमा नाहीतर वेबसाइट विकणारे,
तीन वेळा माझा भाचा,
एक सुरतेचा मुलगा, त्याला गॅस्केट नको, नोकरी हवी होती.
उरलेले आले तसे गेले,
भलत्याच घराची बेल दाबल्यासारखे.
प्लॅटिनमवाल्यांच्या दालनात कारंजं आहे म्हणे.
जाऊन आले. पाण्याला आवाज होता.
माणूस तिथेही नव्हता.

बंद व्हायला पाऊण तास असताना
खालची खिडकी टिणकली.
बिंद्रा फास्टनर्स, लुधियाना.
बाबांच्या आणि त्यांच्या मध्ये दरवर्षी
प्लायवुडची एक भिंत असायची,
तिच्यावरून चहाचे कप इकडेतिकडे जायचे.
त्यांनी लिहिलं होतं:
बेटी, कैंची है क्या?

मांडामांडीच्या सकाळी कुणाची ना कुणाची
कात्री हरवायचीच.
मी लिहिलं, है.
मग लिहिलं, टेप भी है.
बराच वेळ तीन ठिपके हलत राहिले, पण शब्द आला नाही.
नुसता माझा आकडा अडतीस झाला.
मग मी त्यांच्याकडे गेले. त्यांचा होता नऊ, दहा झाला.
गालिचा निळा. झाड तेच.
नटबोल्ट बघत उभी राहिले सात वाजेपर्यंत.

खाली जशुभाई शटर ओढत होते.
कुणी आलं होतं का?
म्हटलं, बिंद्रा आले होते.
कुलपात किल्ली तशीच ठेवून त्यांनी वर पाहिलं.
चा पीवडावी?