तुरट

ताप उतरला, आणि जाताना नाक घेऊन गेला.
फेब्रुवारीपासून कॉफी म्हणजे गरम पाणी,
मेंढीचं चीज म्हणजे ओला खडू,
आणि मी, सहकारी तळघरात एकोणीस वर्षं
घोट घेऊन, थुंकून, सही करणारी बाई,
सही तेवढी करत राहिले.

कुणाला सांगितलं नाही. अन्तिओकाला सोडून.
ती म्हणाली, दर शुक्रवारी ये.
दोन पेले भरते. कुठला कुठला ते ओळखायचं.
चुकलीस तर भांडी तुझ्याकडे.

एक तिच्या माहेरचा, दक्षिण किनाऱ्यावरचा कारिन्यानो:
वाळूत उभ्या गुडघाभर वेली,
वाऱ्याकडे पाठ करून म्हाताऱ्या झालेल्या.
दुसरा डोंगरातला कान्नोनाऊ,
माझा दीर बोबोरे अजून बैलांनी नांगरतो
त्या ग्रॅनाइटच्या भुग्यातला.
"ही प्यायची नसते," तो म्हणतो, "ही चावायची."
(तिकडे लग्नातही असंच बोलतात.)

बाटल्यांना ती नवऱ्याचे लोकरीचे मोजे चढवायची,
राखाडी, टाचेला रफू केलेले.
दोन्ही वाइन लाल. दोन्ही जड.
पेला कलता केला की दोन्ही काचेवरून
सारख्याच आळसानं ओघळायच्या.
दोन्ही माझ्या तोंडात मुक्या.

सतरा शुक्रवारांत नऊदा बरोबर आले.
नाणं उडवलं असतं तरी तेवढंच.

घरी गेल्यावर जुन्या वह्या काढून वाचायचे.
माझंच अक्षर: पिकलेली तुती, चामडं, मर्टलची पानं,
पावसानंतरचा कॉर्कचा सोलीव बुंधा.
कुणा दुसऱ्याच बाईनं लिहिल्यासारखं,
जिला बरंच काही मिळालं होतं
आणि जी ते भराभर लिहून मोकळी होत होती.
एकच शब्द जागोजागी खोडलेला दिसला: तुरट.
गिऱ्हाइकाला आवडत नाही तो.

अठराव्या शुक्रवारी खिडकीत उकाडा थांबलेला.
पहिला घोट.
वास नाहीच. पण हिरड्यांना काहीतरी बिलगलं,
डाळिंबाच्या सालीनं आतून
गाल आवळून धरावेत तसं, सोडेचना.
जीभ टाळूवरून फिरवली तर टाळू खरखरीत,
मांजराच्या जिभेसारखी.
पाण्याची चूळ भरली. दुसरा.
हा आला मऊ, रुंद, सगळ्या तोंडभर पसरून,
आणि गिळल्यावर, पार मागे, घशाच्या उंबऱ्याशी
किंचित मीठ,
जाळं वाळल्यावर बोटांना लागतं तेवढंच.

परत पहिला. परत दुसरा. परत पहिला.
दोन होते.
एवढंच म्हणायचं होतं मला मोठ्यानं, की दोन आहेत,
पण मी कामाच्या आवाजात म्हटलं:
"पहिला डोंगर. दुसरा तुझा समुद्र."

अन्तिओकानं मोजे खाली ओढले.
उलटं. सगळं उलटं.
गाल आवळणारा वाळूतला होता
आणि मीठ निघालं बोबोरेच्या डोंगरातलं,
जिथून समुद्र दिसतसुद्धा नाही.
माझ्या वरच्या ओठावरचा घाम असेल कदाचित.
किंवा तिनं कापलेलं सॉसेज.
किंवा खरंच. वाइनला कोण जाब विचारणार.

ती माझ्याकडे बघत होती. मी हसत होते.
चुकून इतकी खूश झालेली बाई
तिनं याआधी पाहिली नसावी.

मग उठले, बाह्या सारल्या, पेले विसळायला घेतले.
दोघांचा तळाशी राहिलेला लाल
पांढऱ्या चिनी मातीवर एक झाला, गेला,
आणि त्याच वाटेनं वर
काहीतरी आलं, कुजकट, आंबूस,
नाकात थेट बोट घातल्यासारखं.
मी तशीच वाकून उभी राहिले. पुन्हा ओढून घेतलं.
पुन्हा.

"अन्तिओका," मी म्हटलं,
"तुझ्या सिंकला घाण वास येतोय."

"चार महिने येतोय," ती म्हणाली.