ओटी

काचेच्या नळीत पाणी, वरून औषधाचे थेंब,
हलवायचं आणि थांबायचं.
पिवळं झालं तर क्लोरीन आहे, गाव सुखरूप.
याला ओटी टेस्ट म्हणतात.
आई होती तेव्हा हसायची,
"पाण्याची कसली ओटी भरतोस रे, चिंतामण?"
तरी सकाळी निघताना
माझ्या पेटीला हळदीचं बोट लावायची.

एकोणीस वर्षं मी वासिंदमध्ये जलसुरक्षक.
टीसीएल बादलीत कालवतो,
नाकाला रुमाल बांधून टाकीवर चढतो.
रंगीत शर्ट मला टिकत नाहीत.
पाण्याला वास आला की लोक म्हणतात,
पावडरवाला जास्त टाकून गेला.
नाही आला की
काहीच म्हणत नाहीत.

या खेपेला छोट्या बाटल्यांची तपासणी होती.
रेघेपर्यंत भरायच्या, दोन दिवस उबेला ठेवायच्या.
थंडीत मी त्या गोधडीत गुंडाळतो,
बायको विचारते, "अंडी उबवताय का?"
अकरा बाटल्या होत्या तशाच राहिल्या.
बारावी, मागच्या गल्लीतली,
वेखंड्यांच्या नळाची,
काळी.
तव्याच्या बुडासारखी.

ग्रामसेवक म्हणाले, "टाकीपाशी घे ना परत नमुना."
टाकीपाशी पाणी नेहमीच शहाणं असतं.
त्यांच्या पाठीमागे हिरवं कार्ड,
फ्रेम करून लावलेलं.
लाल कार्डासाठी
खिळा कोण ठोकणार?

सुगंधाबाई वेखंड्यांनी तांब्या उजेडात धरला.
"बघा, तळ दिसतोय. अजून किती स्वच्छ हवं?"
दारात सून, सातवा महिना,
परवाच ओटी भरलेली,
हातात हिरव्या बांगड्या वाजत होत्या.
म्हटलं, "उकळून प्या."
"हंडाभर पाणी उकळायचं?
सिलिंडर तुम्ही देणार का?"
उत्तर नव्हतं, म्हणून मी खाली बघितलं.
खाली गटार होतं,
आणि गटारातून त्यांच्या घराकडे जाणारा पाइप.

नासिर जोडाऱ्याला बोलावलं.
दुपारभर आम्ही गाळ उपसत होतो.
कोपरभर खोल हात गेला तेव्हा
बोटांना रबर लागलं.
सायकलची ट्यूब,
भेगेवर गुंडाळलेली, वरून नायलॉनची दोरी,
दोन वेढे उलटे, शेवट आत खोचलेला.

माणूस आपली सही विसरेल, गाठ नाही विसरत.

गणपतीच्या आदल्या रात्री बांधली होती मी.
गल्लीत मखरं सजत होती,
पाणी सुटायची वेळ झाली होती,
म्हणालो होतो, "तात्पुरतं करतो."
नऊ वर्षं तो शब्द
त्या गटारात कुजत होता.
नळाला पाणी नसतं तेव्हा पाइप तोंड उघडतो,
बाहेरचं जे असेल ते आत ओढतो.
हे मला ठाऊक होतं. प्रशिक्षणात शिकवलं होतं,
वर जेवणही होतं, श्रीखंड-पुरी.

नासिरने विचारलं, "कुणी बांधलंय हे?"
मी म्हणालो, "जुनं आहे."
हेही खोटं नव्हतं.

नवा तुकडा टाकला. लाइन धुऊन काढली.
ट्यूब मी फेकली नाही,
पेटीत ठेवली, हळदीच्या डागाखाली,
दोन वेळा धुतली तरी वास गेला नाही.

चौथ्या सकाळी वेखंड्यांच्याच नळावर बसलो.
थेंब टाकले. हलवलं. थांबलो.
पिवळं झालं,
हळदीइतकं नाही, पण झालं.
सून कमरेवर कळशी घेऊन उभी.
"पिऊ ना आता?"

एकोणीस वर्षं कागदाच्या तळाला
"पिण्यास योग्य" लिहिताना
पेन कधी अडलं नव्हतं.

"बाटली लावलीये," मी म्हणालो,
"परवा सांगतो. तोवर उकळ."
घरी आलो,
गोधडीची एक घडी जास्त घातली
आणि रात्री दोनदा उठून
दिवा लावून बघितलं.